वहिनींची तीनपत्ती

गेणूनं कपाळावर हात मारून घेतला. इतक्या जोरात, की परसात बांधलेली शेळी दचकून उठली.

"वहिनी, पानांचं तोंड आपल्याकडं करायचं. माझ्याकडं न्हाय!"

"तुमी शिकवणार म्हंजी तुमाला दिसाया नकोत व्हय?" असं म्हणून अक्काबाईंनी हातातली तीन पानं आणखी पुढं केली.

माळेगावच्या साखर कारखान्याच्या गेटवर गेणूनं पंचवीस वर्षं वॉचमनकी केली होती. ट्रॅक्टरवाल्यांशी हुज्जत घालून त्याचा घसा तयार झाला होता. पण साठीच्या बाईला पत्ते शिकवायचे, हे त्याच्या कुंडलीत कुठं लिहिलं होतं कोण जाणे. त्यात बाई कोण, तर अक्काबाई! जिनं त्याचे पत्त्यांचे दोन कोरे कॅट चुलीत घातले, जिनं भर दुपारी खराटा घेऊन चौघांना ओसरीवरून उठवलं. अक्काबाईचा फेरा म्हणतात तो अंगावर कसा येतो, हे गेणूला इतरांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

ओसरी होती साहेबरावांची, म्हणजे अक्काबाईंच्या मालकांची. साहेबराव कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर कारकून. जेवणाच्या सुट्टीत काट्याच्या खोलीमागं तीनपत्ती रंगायची. निवृत्तीनंतर डाव सांगवीला, साहेबरावांच्या ओसरीवर आला. चार गडी होते. त्यातला सोपान वारला, मोहनराव मुलाकडं पिंपरीला गेले. राहिले दोघं. आणि शहाण्णव सालची दिवाळी झाली न झाली, तोच साहेबरावांची उजवी बाजू लुळी पडली.

बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, जीभ जड झालीय, पण बोलता येईल. हातही थोडाफार वळेल. मात्र माणूस कशात तरी गुंतला पाहिजे. सहा महिन्यांत जे सुटेल ते सुटेल, पुढं अवघड आहे. तीन महिने तर गेलेच होते. घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात कुणी पाहुणा भेटायला आला. साहेबराव त्याच्याशी काहीतरी बोलले, ते त्याला कळलं नाही. त्यानं साहेबरावांच्या देखत अक्काबाईंना विचारलं, "काय म्हणत्यात हे?" त्या दिवसापासून साहेबरावांनी तोंड मिटलं आणि भिंतीकडं फिरवलं. भरवलं तर खायचे, उठवलं तर उठायचे. बाकी बाजेवर पडून भिंत बघायची.

गेणू कॅट घेऊन जाऊन आला होता. दोघांत डाव रंगत नाही, हे त्यालाही कळत होतं. साहेबरावांनी पत्त्यांकडं एकदा बघितलं आणि कूस बदलली. गेणू सायकलला पाय लावत होता, तेव्हा अक्काबाई मागून फाटकापाशी आल्या.

"त्या खेळाला तिसरं माणूस लागतं न्हवं?"

"लागतं की."

"मग मला शिकवा."

असा हा मामला. रोज दुपारी साहेबराव निजले, की गेणू माळेगावातनं सायकल हाणत सांगवीला यायचा. "बाईमाणसाला जुगार शिकवाया चाललाय, लाज हाय का?" असं त्याची बायको साखरबाई रोज विचारायची आणि रोज डब्यात शेंगदाण्याची चटणी द्यायची. परसात लिंबाच्या झाडाखाली सतरंजी पडायची. पैशाचं नाव काढायचं नाही, ही अक्काबाईंची पहिली अट. म्हणून चिंचोके.

खेळ तसा पोरखेळ. प्रत्येकाला तीन पानं. ज्याची भारी, त्याचा डाव. तिन्ही सारखी आली तर सगळ्यांत भारी, दोन सारखी म्हणजे जोड. पानं बरी वाटली तर मध्ये चिंचोके टाकत जायचं, वाईट असली तर पालथी टाकून मोकळं व्हायचं, त्याला पॅक म्हणायचं. आणि खरी गंमत ही, की पानं वाईट असूनही चिंचोके असे टाकायचे की समोरच्याचं धाबं दणाणलं पाहिजे. गेणूनं हे एका दमात सांगितलं. त्याला वाटलं, दोन दिवसांचं काम आहे.

दोन दिवस तर गुलामावरच गेले.

"दश्शीच्या वर गुलाम, त्याच्या वर राणी, राजा, एक्का," गेणू म्हणाला.

अक्काबाईंनी पान खाली ठेवलं. "गुलाम म्हणायचं न्हाय. आमच्या घरात कुणी कुणाचा गुलाम न्हाय."

"अवो वहिनी, पत्त्यातला हाय त्यो!"

"पत्त्यातला का असंना."

शेवटी त्याचा शिपाई झाला. शिपाई तर शिपाई. गेणूनं दात-ओठ खाल्ले आणि पुढं गेला.

पुढं पॅकवर गाडी रुतली. अक्काबाई पानं टाकायलाच तयार नाहीत. दुर्री, चौकी, सत्ती असली भिकार पानं हातात, आणि बाई शेवटच्या चिंचोक्यापर्यंत खेळतायत.

"टाका की वो!"

"आलेलं टाकायचं कसं? आल्यालं धकवून न्यायचं असतं."

"संसारात, वहिनी! ह्यो संसार न्हाय!" गेणू ओरडला. घरातून बाजेची करकर ऐकू आली, तशी दोघांनीही जीभ चावली. थोडा वेळ कान देऊन बसले. पण नुसती कूस बदलली होती.

चौथ्या दिवशी तर कळस झाला. पानं वाईट असताना दुसऱ्याला भिववायचं, हे अक्काबाईंना समजलं आणि त्यांनी सरळ हात जोडले. "सकाळी पंचशील म्हणती मी. खोटं बोलणार न्हाय म्हणती. आन दुपारी हितं बसून ह्ये करू?"

गेणूनं टोपी काढली, झटकली, परत घातली. मनात म्हणाला, झालं, गेला साहेबराव. या बाईच्या खरेपणापायी माझा दोस्त भिंतीकडं तोंड करून जाणार. त्याला रडू येईल असं वाटलं, म्हणून तो रागावला. "बोला कोण म्हणतंय तुमाला? नुस्तं गप बसून चिंचोके टाका! गप बसणं खोटं असतं का?"

अक्काबाईंनी विचार केला. बराच वेळ केला. "गप बसायला हरकत न्हाय," त्या म्हणाल्या.

गेणूला खरं तर हसू आलं. तीस वर्षांत ही बाई गप बसलेली त्यानं बघितली नव्हती. पण बसल्या. सातव्या दिवशी त्यांचा चेहरा असा कोरा झाला, की गेणूला पानांचा थांग लागेना. नवव्या दिवशी गेणूच्या हातात राजांची जोड होती, तरी यांच्या चिंचोक्यांच्या रेट्याला भिऊन त्यानं पॅक केलं. उलटून बघितलं तर बाईंकडं काहीच नव्हतं. "आगं माझे बया," म्हणत त्यानं आपल्याच मांडीवर थाप मारली. तरीही जाताना त्यानं बजावलं. "वहिनी, त्यांच्यासंगं खेळताना दया करायची न्हाय. कळलं? त्यांना लगीच उमगंल."

"कळलं," अक्काबाई म्हणाल्या.

कळलं कसलं डोंबल!

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून साहेबरावांना बाजेवर तक्क्याला टेकवून बसवलं. डाव्या हातात तीन पानं धरवेनात, म्हणून गेणूनं मापट्यात ज्वारी भरली आणि साहेबरावांना एकट्याला दिसतील अशी त्यात पानं खोचली. साहेबरावांनी ना हूं केलं ना चूं. पण भिंतीकडं वळलेही नाहीत. डाव्या हाताच्या दोन बोटांनी त्यांनी एक चिंचोका पुढं सरकवला.

पहिला डाव साहेबरावांचा. दुसराही. तिसऱ्याला अक्काबाईंनी पानं बघितली न बघितली, लगेच पॅक. चौथ्यालाही पॅक. जी बाई दुर्रीसुद्धा सोडत नव्हती, ती आता पानं हातात आली की खाली टाकत होती. साहेबरावांपुढं चिंचोक्यांचा ढीग वाढत चालला, आणि अक्काबाई मोठ्या कौतुकानं त्या ढिगाकडं बघत होत्या. ताटातली चांगली भाकरी ह्यांना, मऊ भाग ह्यांना, सायही ह्यांनाच. चाळीस वर्षांची सवय. ती पत्त्यात आली होती. गेणूनं डोळे वटारले, खाकरला, बाजेखालनं पायानं ढोसलं. बाई ढिम्म.

पाचव्या डावाला गेणूनं पहिल्याच फेरीत पानं टाकली. साहेबरावांनी एक चिंचोका सरकवला. अक्काबाईंनी पानांकडं बघितलं. क्षणभर थांबल्या. मग पालथी टाकली. "मला न्हाय जमत बाई. घ्या, तुमचाच डाव."

साहेबरावांची नजर चिंचोक्यांवरून उठली आणि भिंतीच्या दिशेनं जायला लागली. दहा दिवसांची सायकल, दहा दिवसांची डोकेफोड, सगळं पाण्यात. आता ही मान वळली की परत वळणार नाही, असं गेणूला वाटलं, आणि अक्काबाईंचा असा राग आला की उठून जावं.

पण मान मध्येच थांबली. साहेबरावांचा डावा हात पुढं आला. टाकलेली पानं उलटून बघायची नसतात, असा नियम त्यांनीच काट्याच्या खोलीमागं घालून दिला होता. तो नियम मोडून त्यांनी अक्काबाईंची पानं एकेक करून उलटी केली.

नव्वी. नव्वी. नव्वी.

मापट्यात त्यांच्या स्वतःच्या पानांत साधी जोडसुद्धा नव्हती.

साहेबरावांची मान लाल झाली. तोंडाचा डावा कोपरा थरथरला, उजवा तसाच लोंबत राहिला. लाळ आली, ती त्यांनी मनगटानं पुसली.

"मी..." ते म्हणाले. शब्द अडला. परत ओढून काढला. "मी... मेलोय... काय?"

अक्काबाईंच्या हातातला पदर सुटला. "असं काय बोलताय? तुमी हारला असता म्हणून..."

"हारू... दे!" आणि त्यांनी डाव्या हातानं पुढ्यातला सगळा ढीग लोटून दिला. चिंचोके अक्काबाईंच्या मांडीवर, सतरंजीवर, बाजेखाली पसरले. "भीक... नगं... मला!"

तेव्हा मात्र बाईंचाही बांध फुटला. "तीन महिनं भिंतीला तोंड करून निजलाय! मी काय करू? एक शब्द न्हाय! मी हाय का गेली, ते तरी बघितलं का? आन आता तोंड उघडलं त्ये मला बोलाया?"

"व्हय!" साहेबराव म्हणाले. हा शब्द मात्र स्वच्छ आला.

दोघंही धापा टाकत एकमेकांकडं बघत राहिले. गेणूनं उकिडवं बसून चिंचोके गोळा केले, तिघांत सारखे वाटले आणि पानं पिसायला घेतली. पिसता पिसता दोनदा कॅट सांडला.

"गेण्या," साहेबराव म्हणाले, "नीट... पीस."

गेणूनं नीट पिसले. पानं वाटली. साहेबरावांची ज्वारीत खोचली. एक फेरी झाली, दोन झाल्या, गेणूनं पॅक केलं. अक्काबाई चिंचोका टाकत होत्या, साहेबरावही टाकत होते, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर राग तसाच होता. साहेबरावांचा शेवटचा चिंचोका मध्ये गेला. त्यांनी बायकोकडं बघितलं. "दाव."

अक्काबाईंनी पानं उघडी केली. राण्यांची जोड. साहेबरावांकडं अठ्ठ्यांची.

अक्काबाईंच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. दोन्ही हातांनी मधले सगळे चिंचोके त्यांनी स्वतःकडं ओढून घेतले. एकही परत दिला नाही.