बुचाची बाटली

राकेशने बूच ओढलं तशी सुलोचनाबाईंनी आधी खिडकी लावली, मग दार.

"माय, हे दारू नाई. वाईन हाय."

"तुहा बापबी दारू म्हणत नव्हता. दवा म्हणे. थे दवा पेता पेताच मेला," त्या म्हणाल्या आणि पाट्यावर मसाला वाटायला बसल्या.

राकेश नाशिककडच्या एका वायनरीत पर्यटकांना वाईन चाखवायच्या कामावर होता. अल्लीपुरात मात्र 'द्राक्षाच्या कंपनीत' एवढंच सांगितलेलं. ही बाटली त्याने टॉवेलात गुंडाळून, बॅगेच्या तळाशी दडवून आणली. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. म्हणजे दारू नाही असं नाही. पिताना खिडकी लावतात, एवढंच. आणि बाटली मागवली होती वडनेरच्या भैय्याजींनी, दारूबंदी समितीच्या अध्यक्षांनी. त्यांच्या नंदिनीशी राकेशची सोयरीक आज पक्की व्हायची होती.

सुलोचनाबाईंचा अजून विश्वास बसत नव्हता. कालच या भैय्याजींच्या मागे घोषणा देत त्या गावातल्या बायांसोबत आनंदाबाईच्या झोपडीवर गेल्या होत्या. पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत भरलेली मोहाची दारू पोलिसांनी उचलली, आनंदाबाईलाही उचललं. मडकं सुलोचनाबाईंनी स्वतः फोडलं. हाताचा तो वास लसूण वाटूनही गेला नव्हता.

भैय्याजी आले, खादीच्या बाह्या वर करून ताटावर बसले. राकेशने स्टीलच्या ग्लासात वाईन ओतली.

"मामाजी, हे शिराज. काळं, जाड सालीचं द्राक्ष असते. थोडी काळ्या मिऱ्यावानी लागते, म्हणून आपल्या मटणासोबत जमते. पहिले वास घ्या."

"मले शिकवून राह्यला का, जावईबापू?" भैय्याजींनी ग्लास गोल फिरवला, नाकाशी नेला, घोट जिभेवर थांबवला. "शिराजच हाय. पण तर्री कमी पाहिजे होती, विहीणबाई. इतक्या तिखटात हिची चव मरते."

सुलोचनाबाईंच्या हातातली भाकर हातातच राहिली.

"भैय्याजी, आनंदाबाईचं काय होईन? तिची सून बाळंतीण हाय. तुमच्या एका शब्दानं सुटन थे."

"कायदा म्हंजे कायदा. मडकं तर तुम्हीच फोडलं, शाबास!" त्यांनी नळी चोखली. "थे दारू. हे जेवणासोबतचं हाय. वाढा अजून."

सुलोचनाबाईंनी वाढलं. जेवण झालं तेव्हा बाटली निम्मी उरली होती. भैय्याजींनी ढेकर दिला.

"उरलेली बांधून द्या. रोज जेवताना थोडी घेईन. आणि सोयरीक पक्की समजा."

राकेश लगेच त्यांच्या पाया पडला. सुलोचनाबाई बाटली घेऊन आत गेल्या. आत काहीतरी खळकन वाजलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात पाण्याची जुनी प्लास्टिकची बाटली होती. चेपलेली, निम्मी काळपट लाल.

"हे काय?"

"वाईन. तुम्हीच मागितली ना."

"असं कसं नेऊ, विहीणबाई? फाट्यावर पोलीस उभे असते. दारू म्हणतीन ना लोक!"

"काऊन? वास देजा त्यायले. शिराज हाय."

भैय्याजींच्या कपाळावर घाम आला. तिखटाचा असेल.

"माय, ते बाटली कुठं हाय?" राकेश पुटपुटला. "दे, मी भरून देतो परत."

"फोडली."

भैय्याजी हात न धुताच उठले. चपला सरकवल्या, बाहेर गेले. गाडीचा दरवाजा आपटला.

राकेशने खुंटीवरचा टॉवेल ओढला, प्लास्टिकची बाटली त्यात गुंडाळली आणि अनवाणीच गाडीमागे पळाला.

"मामाजी! ओ मामाजी!"

दार उघडं पडलं होतं. सुलोचनाबाईंनी ते लावलं नाही. खिडकीही उघडली.