जास्तीचा उजेड

वैशाखातलं मध्यान्ह. खाडीकाठची मिठागरं पांढऱ्या अग्नीसारखी धगधगत होती. वर शुभ्र आकाश, खाली शुभ्र मीठ, आणि मधे वीतभर सावली नाही.

मिठाच्या राशींपलीकडे, हसुरामच्या अंगणात, त्याची नऊ वर्षांची मंजुळा पांढऱ्या वस्त्रावर निजली होती. तीन दिवसांच्या तापानं तिला नेलं होतं. तिरडी बांधून झालेली, माणसं खोळंबलेली. तिची आई पदीबाई मात्र वाट अडवून बसली होती.

"पोरीचा एक बी फोटू नाय," ती म्हणाली. "एक काढा. मंग न्या."

म्हणून भालचंद्र ठोसरांना बोलावलं. बाजारपेठेतले जुने छायाचित्रकार. केस पिकलेले, नजर प्रकाशात मुरलेली. चाळीस वर्षं फिल्मवर सरलेली. गळ्यातला डिजिटल कॅमेरा महिन्याभराचा, अजून परका.

कॅमेऱ्यातल्या मीटरनं उजेड मोजला. ठोसरांनी तो मानला नाही. पांढऱ्यापुढे मीटर भुलतो, लख्ख मीठ पाहून उजेड आखडतो, माणूस काळवंडतो. त्यांनी कॅमेऱ्यात शिरणारा उजेड वाढवला. मग मिटल्या पापण्यांखालची निळी, निश्चल सावली दिसली. त्या सावलीसाठी आणखी वाढवला.

फिल्म उदार होती. सावलीला भरभरून द्यावं. जास्तीचा उजेड ती गर्भात जपे, आणि अंधारखोलीत, हलक्या हातांना, परत देई. चाळीस वर्षांत तिनं दगा दिला नव्हता.

तीन फोटो काढले. तिन्ही त्याच मापाचे. त्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. त्या उन्हात तो चिमुकला पडदा काळा, आंधळा.

"झालं," ते हळूच म्हणाले. पदीबाई वाटेतून उठली.

सायंकाळी संगणकावर चित्र उघडलं. वेणीची लाल रिबीन होती. झेंडूच्या हाराआड विसावलेले सावळे हात होते. पापण्यांच्या दोन बारीक रेघा होत्या. आणि कपाळाच्या जागी, गालांच्या जागी, ओठांच्या जागी पांढरं. निव्वळ पांढरं.

त्यांनी उजेड उतरवला. पांढऱ्याचं राखाडी झालं. त्या राखेत नाक उमटलं नाही, ओठ उमटले नाहीत. आणखी उतरवला. राख गडद झाली, इतकंच. दुसरं चित्र तसंच, तिसरं तसंच. या यंत्रात मापापलीकडे गेलेला उजेड गेलेलाच असतो. मागे काही ठेवत नाही. खाडीपलीकडे चितेचा धूर तेव्हा विरळ होत होता.

चौथ्या दिवशी पदीबाई स्टुडिओच्या पायरीशी आली. ठोसरांनी तिला आत बसवलं, आणि छापलेला कागद तिच्या हाती दिला.

तिनं कागद डोळ्यांजवळ नेला.

"मुखडा कुठं हाय?"

"चूक माझी, पदीबाई. जुन्या सवयीनं उजेड जास्त दिला मी. चेहरा..." जास्त उजेडानं पुसल्या गेलेल्या चित्राला धंद्यातला शब्द होता, 'जळाला'. तो त्यांच्या ओठांवर आला, आणि तिथंच थिजला.

ती रडली नाही, रागावली नाही. मिठानं भेगाळलेलं बोट तिनं त्या शुभ्रतेवर टेकवलं.

"हितं तीळ व्हता," ती म्हणाली. "हितं खळी. हितं पडली व्हती, त्याचा वण."

बोट फिरत राहिलं, कपाळावरून गालावर, गालावरून हनुवटीवर, संथ, अचूक. आणि कागद कोराच राहिला.