दातवाल्यांची मऊ जमीन

कवळी तिसऱ्यांदा जमिनीवर पडली तेव्हा दुकानातल्या विक्रेत्याचा धीर सुटला.

"काका, अहो, दात पडले तुमचे!"

"पडले नाहीत, मी पाडले," दातवाले म्हणाले. त्यांनी वाकून कवळी उचलली, उजेडात धरून उलटसुलट पाहिली आणि शेजारच्या नमुन्यावर कमरेच्या उंचीवरून पुन्हा सोडली. टप्प. "मघाच्यापेक्षा ह्याच्या खालचा फोम जाड आहे का हो?"

जमिनीवर अंथरायच्या व्हिनाइलचे रोल विकण्यात विक्रेत्याची बारा वर्षं गेली होती. गिऱ्हाइकं अंगठ्याने दाबून बघतात, किल्लीने ओरखडून बघतात. एक बाई तर सरळ आडव्याच झाल्या होत्या. पण खिशातून कवळी काढून तिची परीक्षा घेणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं. आजूबाजूला चार माणसं गोळा झाली. त्यात काकू नव्हत्या. दातवाल्यांची बायको म्हणून त्यांनी आयुष्यात बरंच सोसलं होतं, पण ह्या क्षणी हा माणूस आपल्या ओळखीचाच नाही असा चेहरा करून त्या रोलांच्या मागे उभ्या होत्या.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. दातवाल्यांनी चौतीस वर्षं दात कोरूनच घर चालवलं होतं. गावातले दंतवैद्य जबड्यांचे साचे पाठवायचे आणि दातवाले घरच्या पुढच्या खोलीत बसून त्यावर कवळ्या बनवायचे. आधी मेणात एकेक दात बसवायचा, मग पितळी साच्यात घालून कवळी पक्की करायची. प्लास्टर कालवणं आणि शेवटी कवळी घासून गुळगुळीत करणं काकूंकडे. दात बसवायचं काम मात्र फक्त त्यांचं, तिथे दुसऱ्या कुणी बोट लावायचं नाही.

आणि ते बसवायचेही असे, की दंतवैद्य दुसरीकडे जात नसत. माणसाचा तरुणपणीचा फोटो मागवून घ्यायचे. ज्याच्या दातांत फट होती त्याला फट ठेवायचे, ज्याचा सुळा पुढे होता त्याचा पुढेच आणायचे. "रांगेत दात कुणीही बसवील," ते म्हणायचे, "वाकडा दात बसवायला हात सरळ लागतो."

तो हात गेल्या थंडीपासून सरळ राहिला नव्हता. फार नाही, उकळत्या भांड्यावरचं झाकण हलतं तेवढाच हलायचा. पण तेवढ्याने दोन कवळ्या फरशीवर पडून फुटल्या होत्या आणि जड पितळी साचा किती वेळा निसटला त्याची मोजदाद नव्हती. फुटलेल्या कवळ्या त्यांनी काकू बाजारात गेल्या असताना गुपचूप जोडल्या. कुणाला कळलं तर काम बंद होईल, आणि काम बंद झालं तर आपण कोण, ह्या भीतीने त्यांची झोप उडाली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरं, पण इथे मूठच थरथरत होती.

म्हणून मऊ जमीन. चार वर्षं काकू म्हणत होत्या, की दगडी फरशीवर उभं राहून टाच ठणकते, ते खाली फोम असलेलं व्हिनाइल घालून घेऊ. चार वर्षं दातवाल्यांचं एकच उत्तर होतं, "जमीन मऊ झाली की माणसं आळशी होतात." आणि गेल्या आठवड्यात जेवता जेवता तेच म्हणाले, "तुझ्या टाचेचं दुखणं बघवत नाही गं मला." काकूंनी घास तसाच हातात धरून त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं."

दुकानात काकूंचं मन लाकडी पट्ट्यांच्या नक्षीवर बसलं.

"नक्षी नको," दातवाले म्हणाले. "एकरंगी घेऊ. गडद निळा. नक्षीत काही पडलं तर दिसत नाही."

"काय पडणार आहे?"

"काहीही. सुई."

"सुया माझ्या. त्या मी शोधीन."

"पांढरट वस्तू निळ्यावर उठून दिसते, एवढंच म्हणतोय."

"पांढऱ्या सुया कधी बघितल्यात तुम्ही?"

दातवाल्यांनी निळा नमुना पुढे ओढला. काकूंनी लाकडी पट्ट्यांचा नमुना बाजूला ठेवला. मग विक्रेत्याला म्हणाल्या, "निळाच द्या. दवाखान्यासारखं वाटेल, वाटू दे." पडदे घ्या, चादरी घ्या, रंगाच्या बाबतीत काकू आजवर कधी हरल्या नव्हत्या. आज हरल्या, आणि दातवाल्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. स्वतःच्या युक्तीवर खूश असलेल्या माणसाला दुसरं काही दिसत नाही.

खोली रिकामी करायला एक अख्खा दिवस गेला. रोल आदल्या दिवशीच आतल्या खोलीत उलगडून ठेवला होता, त्याची गुंडाळी सुटावी म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी कारागीर आला. गुडघ्यांना जाड गाद्या बांधलेला, बोलका माणूस. त्याने झाडून घेतलेली फरशी पुन्हा झाडली आणि मग डोळे मिटून तळहात फिरवत खोलीभर रांगत सुटला.

"डोळ्यांनी काही कळत नाही, काका. वाळूचा एक कण राहिला ना, की पंधरा दिवसांत वर फोडासारखा दिसतो. खळगा राहिला की वर खड्डा. वर कितीही मऊ घाला, जमीन चुगली करतेच."

बोलता बोलता भेगा भरत तो दातवाल्यांच्या टेबलाच्या जागेपाशी पोचला. उजव्या बाजूला त्याचा हात थांबला. पुन्हा फिरला, पुन्हा थांबला.

"इथे काय पडतं हो सारखं? सात खळगे आहेत. आणि ताजे आहेत सगळे. जुन्या खळग्याच्या कडा काळ्या पडतात, ह्या पांढऱ्या आहेत बघा. कोणाच्या हातून पडतं एवढं?"

दातवाल्यांचे कान गरम झाले. काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या.

"माझ्या हातून," काकू म्हणाल्या. "ह्यांचे साचे मीच उचलून ठेवते ना. हात ओले असतात, निसटतात. कितीदा बोलणी खाल्लीत मी."

ज्या बाईच्या हातून तीस वर्षांत चमचा पडला नव्हता, ती हे परक्या माणसासमोर इतक्या सहज बोलली, की कारागीर हसून म्हणाला, "जपून हो काकू, पायावर पडायचं एखादं." काकूंनी त्याच्या हातात कप दिला. दुसरा कप दातवाल्यांना दिला. तो अर्धाच भरलेला होता. थंडीपासून आपल्याला अर्धाच कप मिळतोय, हे दातवाल्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

ते कप घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसले. लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग इतकं हलकं वाटलं, की त्याचीही लाज वाटली. आतून पात्याचा करकर आवाज येत होता, मग दाबायच्या रुळाची घरघर. कारागीर भिंतीच्या कडेने व्हिनाइल दाबून कापत होता आणि गुणगुणत होता.

संध्याकाळी खोली निळीशार झाली. उद्यापर्यंत जड सामान ठेवू नका, पाण्याने पुसू नका, असं बजावून कारागीर गेला. काकूंनी चपला काढल्या, भीत भीत एक पाऊल टाकलं, मग दुसरं. भिंतीपर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या.

"अगंबाई! अहो, टाच आहे की नाही तेच कळत नाहीये!"

साठीच्या पुढची बाई रिकाम्या खोलीत इकडून तिकडे फेऱ्या मारत होती आणि प्रत्येक फेरीला नव्याने हरखत होती. दातवाल्यांना फार बरं वाटलं. चार वर्षं उगाच अडवलं हिला, असं वाटून वाईटही वाटलं.

सकाळी दोघांनी मिळून टेबल जागेवर आणलं, पायांखाली लाकडाच्या चकत्या सरकवल्या. तेव्हा दातवाल्यांनी विचारलं, "कधीपासून माहीत आहे तुला?"

"थंडीपासून."

"बोलली नाहीस कधी."

"तुम्ही टाचेचं नाव पुढे केलंत. म्हटलं, टाचेचा तरी फायदा होऊ दे."

दातवाले हसले आणि टेबलाच्या कडेला टेकले. "हे काम गेलं तर मी काय करायचं गं?"

"आधी हात दाखवू डॉक्टरला. सोमवारी जाऊ. मी येते बरोबर."

"बरं," ते म्हणाले. या घरात हा शब्द त्यांनी फार कमी वेळा उच्चारला होता.

टेबलावर एका निवृत्त शिक्षिकेचं काम अडलेलं होतं. फोटोत बाई पंचविशीच्या होत्या आणि मनापासून हसत होत्या. त्यांचा वरचा एक दात शेजारच्या दाताआड किंचित गेलेला होता. खोली रिकामी करायच्या आधी तोच दात तीन दिवस बसत नव्हता. दातवाल्यांनी चिमट्यात तो उचलला, मेणापाशी नेला. चिमटा हलला, दात निसटला. निळ्या जमिनीवर तो पांढरा ठिपका लगेच दिसला. आवाज मात्र काहीच झाला नाही. काकूंनी तो उचलला आणि तळहातावर पुढे धरला.

दातवाल्यांनी घेतला नाही. ते स्टुलावरून उठले.

"बस इथे."

"मी?"

"बस. चिमटा घे. मेण गरम आहे तोवर. डावीकडून किंचित आत. शेजारच्याच्या खांद्यावर डोकं ठेवल्यासारखा."

काकूंनी दात बसवला.

"सरळ झाला. काढ."

पुन्हा बसवला.

"आता फार आत गेला. लपून बसलाय तो. काढ."

"शिकवताय की छळताय?"

"दोन्ही. बसव."

पाचव्या वेळी दातवाले जवळ वाकले. त्यांनी फोटो पाहिला, मेणातला दात पाहिला, पुन्हा फोटो पाहिला. सुधारायला काहीच उरलं नव्हतं. त्याचा त्यांना आनंद झाला आणि तितकंच दुखलंही. दोन्ही पुरतं जाणवेपर्यंत ते काकूंच्या मागे तसेच उभे राहिले.

चार दिवसांनी दुपारी दंतवैद्य बाईंचा फोन आला.

"काका, त्या शिक्षिका बाईंना कवळी बसवली. बाईंनी आरशात बघितलं, त्या वाकड्या दातावरून दोनदा जीभ फिरवली आणि म्हणाल्या, हा तर माझाच. डोळ्यांत पाणी आलं हो त्यांच्या. काका, ह्या वयात असा हात! मानलं तुम्हाला."

आभार मानून फोन ठेवणं फार सोपं होतं.

"डॉक्टर, तो दात माझ्या हातचा नाही. माझा हात आता राहिलेला नाही. ज्यांनी बसवला त्यांच्याशी बोला."

काकू मागच्या गच्चीत कवळी घासत बसल्या होत्या, कोपरापर्यंत पांढऱ्या भुकटीने माखलेल्या. दातवाल्यांनी फोन त्यांच्या कानाशी धरला.

"कोण आहे?"

"तुझ्यासाठी आहे."

फोन धरलेला हात थरथरत होता. काकूंनी मान कलती केली, डोकं त्या हातावर घट्ट टेकवलं आणि म्हणाल्या, "हां, बोला डॉक्टर."