पिठाच्या घाटातली जीप

मी एक लाल जीप बोलतेय. रस्त्यावरची नाही, ऋताच्या खेळण्यांतली. तळहाताएवढी असले तरी माझी चारही चाकं स्वतःच्या जोराने फिरतात. टोपलीतल्या निळ्या मोटारीची मागची दोनच फिरतात, पुढची नुसती ढकलली जातात. याचा मला थोडा तोरा होता, ते आधीच सांगून टाकते.

कुठल्या कारखान्यात जन्मले ते आठवत नाही. पहिलं आठवतं ते सिंगापुरातल्या जुरोंग ईस्टच्या मॉलमधलं काचेचं कपाट. तिथून सहा वर्षांच्या ऋताने मला उचललं. तिचे बाबा विक्रांत बोटीवर इंजिनिअर. आई अनुया घर सांभाळते आणि काळजी करते. लिफ्ट मध्येच अडकली तर, पोरीला रात्री ताप आला तर, डबा तसाच परत आला तर. सोफ्याखालून काढून मला पुसायचीही तीच, म्हणून ती मला आवडते.

डिसेंबरच्या सुट्टीसाठी विक्रांतने जपानची तिकिटं काढली. तिथल्या बर्फाच्या डोंगरात फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी भाड्याने घ्यायची आणि स्वतः चालवायची, असा बेत. सिंगापुरात या घरी गाडी नाही, लायसन्स पाकिटात बसून राहिलेलं. अनुयाची झोपच उडाली. तुम्ही बर्फ बघितलात तो फ्रीजमधला, असं ती म्हणाली. पोरीला घेऊन मी त्या गाडीत बसणार नाही, तिकिटं परत करा, एवढंच तिचं म्हणणं.

तिला पटवायला विक्रांतने मला कामाला लावलं. दमट हवेने तांदळाच्या पिठात पोरकिडे झाले होते. ते पीठ त्याने स्वयंपाकघरात फरशीवर पसरलं, पाटाला खाली डबे लावून घाट केला, त्यावरही पीठ भुरभुरलं.

"इट्स नॉट रिअल स्नो लाह," ऋता म्हणाली, पण पालथी पडून बघत राहिली.

आधी निळी मोटार सोडली. ती जागच्या जागी चाकं फिरवत पीठ उडवत बसली. मग मी. मी सरसर वर. विक्रांत खूश झाला. चारही चाकांना ओढ असली की गाडी अडकत नाही, तो म्हणाला.

अनुया ओट्याला टेकून उभी होती. "चढली ते बघितलं. आता उतरताना मध्येच थांबवून दाखवा."

उतारावर त्याने रिमोटचं बटण सोडलं. माझी चारही चाकं थांबली. मी थांबले नाही. तशीच घसरत जाऊन तांदळाच्या डब्यावर आपटले. मग निळी मोटार वरून सोडली, तीही तेवढीच घसरली. माझा तोरा तिथेच उतरला.

विक्रांतने मला डब्याजवळून उचललं. मग म्हणाला, जहाजाचंही असंच असतं. त्याला ब्रेक नसतो. धक्क्याला लागायचं तर कितीतरी आधीपासून इंजिन मंद करायचं, सुकाणू हळू फिरवायचं. त्याने मला पुन्हा वर नेलं आणि तसंच, दबकत दबकत उतरवलं. मी सरळ खाली आले. अनुयाने त्याला ते परत परत करायला लावलं, वळण घालूनसुद्धा. मग म्हणाली, "तिथे विसरलात तर मी आठवण करून देणार. चिडायचं नाही."

या अटीवर आम्ही गेलो.

तिथली गाडी पांढरी, उंच. घरच्या माणसाने चालवायची पहिलीच गाडी, म्हणून पूजेशिवाय निघायचं नाही, असं अनुयाने ठरवलेलं. हळदकुंकू तिच्या पर्समध्ये होतंच. लिंबं तिथल्या दुकानातून घेतली आणि रात्रभर गाडीतच ठेवली. सकाळी चारही चाकांखाली मांडली. पण ती गोठून दगड झाली होती. फुटायच्या ऐवजी एक सटकन बाहेर उडालं आणि गाडी हिसका देऊन बाजूला सरकली.

विक्रांत हसला. अनुयाचा चेहरा उतरला. लिंबू फुटलं नाही, हे काही बरं नाही, असं ती पुटपुटली. तिची भीती घालवायला म्हणून त्याने गाडी जरा जोरातच काढली. चढ मजेत गेला, गाडी कुठे अडली नाही. मी ऋताच्या मांडीवर होते. माथा ओलांडून उतार लागला तरी वेग तसाच. खाली वळणावर बर्फ सारणाऱ्या पिवळ्या यंत्राची पाठ दिसली. मला तो तांदळाचा डबा आठवला.

मागे बसलेली अनुया ओरडली नाही. ऋताच्या गुडघ्यावर हात ठेवून एवढंच म्हणाली, "अहो, जहाज."

ब्रेकवर आदळायला निघालेला पाय थांबला. विक्रांतने खालचा गिअर टाकला. इंजिन गुरगुरलं, वेग आपसूक कमी झाला, मग ब्रेक हलकेच, थोडा थोडा. न घसरता आम्ही वळलो आणि यंत्राच्या मागे, जरा अंतर ठेवून उभे राहिलो.

"मम्मी, व्हेअर इज द जहाज?" ऋता खिडकीतून शोधत होती. मग दोघं हसायला लागले ते थांबेचनात. पुढचे सगळे दिवस विक्रांत धक्क्याला लागत असल्यासारखी गाडी चालवत होता. मागच्या गाड्या पुढे जायच्या, आणि अनुया निवांत चिवडा खात बसायची.

आता मी परत जुरोंग ईस्टच्या खिडकीत आहे. एक चाक कुरकुरतं, बाकी बरं चाललंय. ओल्या फरशीवरून ऋता पळाली की या घरात "जहाज" म्हणतात, आणि ती हळू होते.

दुपारी घरात कुणी नसलं की अनुया मूठभर पीठ पसरते आणि रिमोट स्वतः हातात घेते. सुरुवातीला मी रोज डब्यावर आपटायचे. आता फरशीच्या रेघेवर बरोबर थांबते. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिने फोन केलाय. अजून कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

माझं मागणं एवढंच. सेल वेळेवर बदला, पण पोटाखालचं पीठ पुसू नका. पुढच्या डिसेंबरात गाडी कोण चालवणार, ते मला माहीत आहे.