चुडामणच्या घड्याळाची कड

जळगावच्या सराफ बाजारात नजीरच्या हाताचं नाव होतं, आणि ते नजीरलाही चांगलंच ठाऊक होतं. चाळीस वर्षं तो सोन्याला पॉलिश करत आला होता. बांगडी असो की पाटली, मोटरवर चढली की तो आधी तिची कड मारायचा. कड बोचते, साडीचे धागे ओढते, कडेवरच्या लेकराच्या गालाला लागते. म्हणून ती गोल झालीच पाहिजे, हा धंद्याचा पहिला धडा. आणि चकाकल्याशिवाय वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही, हा दुसरा. दोन्ही धडे त्याने इतक्या इमानाने पाळले होते, की कुणी दुरुस्तीला स्टोव्ह आणून दिला असता तर तोही त्याने चमकवून परत केला असता.

गेली काही वर्षं दुकानाचा पुढचा भाग त्याची मुलगी अलफिया सांभाळत होती. ती वापरलेली भारी स्विस घड्याळं पारखून घ्यायची आणि विकायची. घड्याळाच्या केसला, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाला, पॉलिश करायचं की नाही, हे तीच ठरवायची. ती हो म्हणाली तर घड्याळ मागच्या खोलीत नजीरच्या मोटरवर यायचं. पण दहातल्या आठ वेळा ती म्हणायची, "हे नको, अब्बा. आहे तसंच राहू दे." ओरखडे असलेला माल लोक कौतुकाने नेतात हे नजीरच्या डोक्यात काही केल्या शिरत नव्हतं. पोरगी कामाचा कंटाळा करते, एवढाच अर्थ त्याने काढला होता.

अशात एका सकाळी मुक्ताईनगरकडचे जीवरामभाऊ दुकानात आले. केळीचे मोठे बागायतदार, बोलायला मोकळे. त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाला आठ वर्षांपूर्वी, मुलीच्या लग्नाआधी, नजीरनेच पॉलिश केलं होतं. तेव्हापासून रावेरपर्यंतच्या एकूण एक मांडवात त्यांनी ते लोकांच्या नाकासमोर धरून नजीरचं नाव घेतलं होतं. नजीरची अर्धी गिऱ्हाइकं त्यांच्या शब्दावर आलेली.

जीवरामभाऊंनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत अगदी तसंच दुसरं घड्याळ होतं. केळीचा पहिला कंटेनर दुबईला गेला त्या वर्षी दोघा भावांनी मुंबईच्या एकाच दुकानातून, एकाच दिवशी ही जोडी घेतली होती. धाकटा चुडामण मागच्या वर्षी वारला. त्याची मुलगी कामिनी ते विकायचं म्हणत होती, आणि धुळ्याचा एक शौकीन उद्या बघायला येणार होता.

चुडामणने ते कधी हातातून काढलंच नव्हतं. घड कापताना, पाण्याचे पाइप ओढताना, पंपात हात घालताना ते मनगटावरच. सगळ्या अंगावर ओरखडे, आणि फटींमध्ये केळीचा चीक बसून काळाकुट्ट झालेला.

"नजीरभाऊ, हे माह्यासारखं करून दे," जीवरामभाऊ म्हणाले. "पोरीले चार लोकांत खाली पाहा लागू नये. मी त्याले सात वर्सं सांगत व्हतो, एकडाव नजीरच्या हातात दे. आयकलंच नही त्यानं." नमुना म्हणून त्यांनी स्वतःचंही घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं आणि चारला येतो म्हणून ते बाजार समितीकडे गेले.

नजीर खुशीत होता. अलफियाने घड्याळ हातात फिरवून पाहिलं, आणि नेहमीसारखं हो किंवा नको म्हणायच्या ऐवजी एवढंच म्हणाली, की आधी मळ काढा, मग बोलू. त्याने पट्टा वेगळा केला, साबणाच्या पाण्यात मऊ ब्रश बुडवला आणि लाकडी काडीने चीक उकरायला बसला. चीक दगडासारखा बसला होता. तासाभराने तो सुटला. नजीरने केस पुसली, डोळ्याला आयग्लास, सराफाचं भिंग, लावला आणि ती दिव्याखाली धरली.

त्याने दिवा आणखी जवळ ओढला.

पट्टा जिथे जोडतात त्या चार पायांपैकी एका पायावर एक कड होती. वरच्या अंगाला केसांइतक्या बारीक, सरळ रेघा. बाजूचं अंग आरशासारखं. आणि दोघांच्या मधून एक चिंचोळी, तिरपी पट्टी निघाली होती. टोकाकडे ती जराशी रुंद होत गेली होती आणि कुठेही थरथरली नव्हती. त्याने दुसरा पाय पाहिला. तीच पट्टी, तेवढीच रुंद. तिसरा, चौथा. ओरखडे होते, भरपूर होते, पण ते सगळे वरवरचे. त्यांच्या खाली कड जशीच्या तशी जिवंत होती. या अल्लाह, असं तो पुटपुटला. चाळीस वर्षं आपण धातूला हात लावतो आहोत आणि धातूकडून असं काही करवून घेता येतं हे आपल्याला माहीतच नव्हतं. कोण कुठला तो कारागीर, सातासमुद्रापलीकडे बसलेला. त्याच्या हातावर डोकं टेकावं असं नजीरला वाटलं.

मग त्याने जीवरामभाऊंचं घड्याळ उचललं. ते चकाकत होतं. पायांची टोकं चोखलेल्या लिमलेटच्या गोळीसारखी गुळगुळीत होती. पट्टी नव्हती. बोचू नये म्हणून, मोठ्या मायेने, ती त्याने स्वतःच्या हाताने मारली होती. सोनं असतं तर भर घालता आली असती. इथे स्टीलमध्ये गेलं ते गेलं.

"तुला ठाऊक होतं?" त्याने मुलीला विचारलं.

"पहिल्यांदा त्यांनी हात काउंटरवर ठेवला तेव्हाच दिसलं," अलफिया म्हणाली. "पण ते किती खुशीत होते, अब्बा. आणि तुम्हीही."

नजीर मागच्या खोलीत गेला. चुडामणचं घड्याळ त्याच्या मुठीत होतं. दहा मिनिटांचं काम. मोटरच्या बफवर, त्या कापडी चाकावर, धरलं की दोन्ही घड्याळं सारखी. जीवरामभाऊ खूश, त्याचं नाव शाबूत. नाही धरलं तर दोन्ही शेजारी ठेवून खरं सांगावं लागणार होतं, आणि तेही त्याच माणसाला, ज्याने त्याचं नाव गावोगाव नेलं. त्याने मोटर सुरू केली. बफ गरगरू लागला. त्याने केस जवळ नेली, आणि शेवटचं बघावं म्हणून पुन्हा आयग्लास लावला. तिथेच त्याचा हात थबकला. बऱ्याच वेळाने त्याने मोटर बंद केली.

चारला जीवरामभाऊ आले. नजीरने त्यांना आत बसवलं, आयग्लास हातात दिला आणि आधी भावाचं घड्याळ दाखवलं, मग त्यांचं. आडपडदा न ठेवता सांगितलं, की ही कड तुमच्याही घड्याळाला होती. मी ती दोष समजून काढली. माझी चूक आहे, आणि ती भरून येणारी नाही. सांगताना त्याची नजर खाली होती. आता हा माणूस उठेल आणि पुन्हा या बोळात पाऊल ठेवणार नाही, हे त्याने मनाशी धरलंच होतं.

जीवरामभाऊ उठले नाहीत. एक डोळा मिटून ते कितीतरी वेळ बघत राहिले; हे घड्याळ, मग ते, मग पुन्हा हे.

"माह्यं बी असंच व्हतं?"

"अगदी असंच होतं, भाऊ."

"म्हंजे माह्यं कसं व्हतं ते पाह्याचं तं आता चुडामणच्याच घड्यायात पाहा लागीन." त्यांनी आयग्लास खाली ठेवला. नजीरकडे पाहिलं, पण त्यात राग नव्हता. "तू तं एक कड खाल्ली नजीरभाऊ. मी त्याले भर मांडवात हसलो. भिकाऱ्याचं घड्याय म्हनलो. तो नुसता हसे."

त्यांनी खिशातून फोन काढला आणि पुण्याला कामिनीला लावला.

"पोरी, इकाचं का ठेवाचं ते तू ठरव. त्या धुळ्यावाल्याले थांबवतो मी. पन तू आधी ये, आन तुह्या बापाचं घड्याय पाहून जाय. आपल्या घरात कोनीच पाह्यलं नही ते."