छत्तीस खिळ्यांचे कडे

पक्षाघातानंतर रत्नाचा डावा हात निकामी झाला, हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळले. डावीकडचे जगच तिच्या ध्यानातून गेले आहे, हे कळायला मात्र तीन आठवडे लागले. ती फक्त उजव्या बाजूचे केस विंचरी आणि फणी खाली ठेवी. डॉक्टर म्हणाले, सरावाने फरक पडू शकतो. पडेलच असे नाही.

आमची मुलगी स्नेहल बाळंत व्हायची होती. बारशाला आजोळचे टोपडे रत्नाच्या हातचेच असणार, हे घरात गृहीत होते. बोरी बुद्रुकला, तिच्या माहेरी, निम्म्या गावाच्या पोरांनी तिने विणलेली टोपडी घातली आहेत. पण दोन सुयांना दोन हात लागतात. मी तंत्रनिकेतनात शिकलो, पुढे चाळीस वर्षे कार्यशाळेत काढली. म्हणून एका हाताने विणता येईल असे साधन करायला बसलो.

प्लायवूडचे गोल कडे कापले. त्यावर एकेका सेंटिमीटरवर बिनडोक्याचे छत्तीस खिळे ठोकले आणि कडे टेबलाला क्लॅम्पने घट्ट आवळले. सायकलच्या स्पोकचा आकडा केला. लोकर प्रत्येक खिळ्याभोवती गुंडाळायची, फेरी पुरी झाली की पुन्हा गुंडाळायची, मग खालचा वेढा आकड्याने उचलून वरच्यावरून खिळ्यापलीकडे टाकायचा. वीण कड्याच्या पोटातून खाली उतरत जाते.

शेजारच्या बायडाबाई पाहायला आल्या.

"भाऊ, ह्ये काय, चाळण करताय व्हय?"

"चाळण न्हाई, फॅक्टरी हाय ह्यांची," रत्ना म्हणाली. "मी कामगार."

"मंग आमच्या मालकाला बी एक टोपडं काढ. टक्कल पडल्यापास्नं लई गारठत्यात."

रत्ना हसली. आजारपणानंतर प्रथमच.

ती रोज सकाळी तीन फेऱ्या विणी. दुपारी ती झोपली की मी काम तपासत असे. पहिल्या दिवशी डावीकडचे अकरा खिळे मोकळे होते. तिथे धागा नुसताच लोंबत होता. मी तिन्ही फेऱ्या उसवल्या आणि तिच्यासारख्याच सैल हाताने पुन्हा विणल्या. उठल्यावर तिने विचारले, "किती सुटले?"

"चार," मी म्हणालो.

दुसऱ्या आठवड्यात मी दोन सांगितले, तिसऱ्यात एकही नाही. प्रत्यक्षात आकडा अकरावरून हलला नव्हता. पण ती आता स्वतःहून भिंतीला धरून उभी राहू लागली होती. फोनवर स्नेहलला सांगत होती, "डावी बाजू परत यायला लागलीय बघ." माझ्या खोट्यामुळे माणूस उभे राहत असेल, तर ते चालू ठेवावे, असे मला वाटले.

एका दुपारी उजवीकडचेही तीन खिळे मोकळे दिसले. आजार आता दुसऱ्या बाजूलाही शिरला, अशी भीती वाटली. तरीही नेहमीप्रमाणे मी सारे नीट केले.

सकाळी रत्ना टेबलाशी बसली. तिने उजवीकडच्या त्या तीन खिळ्यांवरून बोट फिरवले.

"काल हे तीन मी मुद्दाम सोडले व्हते," ती म्हणाली. "हाताला वीण वेगळी लागत व्हती, म्हणून."

तिने कड्यावरचे बोट उचलले नाही.

"ह्या टोपड्यात माझ्या फेऱ्या किती?"

"पहिल्या दिवसापासून मीच..."

"म्हंजे काहीच परत आलं न्हाई."

तिने आकड्याने उजवीकडचे वेढे एकेक करून खिळ्यांवरून उतरवले, धाग्याचे टोक धरले आणि ओढले. वीण सरसर उसवत गेली. ती रडली नाही. लोकरीचा ढीग माझ्याकडे सरकवून म्हणाली, "तुमचंच हाय. घ्या."

दुपारी मी तिला जेवायला वाढले. ताटाच्या डाव्या अंगाची चटणी आणि कोशिंबीर तशीच राहिली, म्हणून सवयीप्रमाणे मी ताट अर्धे फिरवले आणि ती उरलेले जेवली. महिनाभर मी दिवसातून दोन वेळा हे करत होतो. कडे मात्र मीच क्लॅम्पने आवळून ठेवले होते. ते फिरते असते, तर प्रत्येक खिळा आपोआप तिच्या उजव्या हाताशी आला असता आणि टोपडे पहिल्या फेरीपासून तिचेच झाले असते. मी माल दुरुस्त करत राहिलो. साधनात दोष आहे, हे मला दिसले नाही.

संध्याकाळपर्यंत मी कड्याखाली जुने बेअरिंग बसवले. बोटाने ढकलताच कडे गुळगुळीत फिरले. ते तिच्यापुढे ठेवून म्हणालो, "आता मी हात लावणार नाही. शपथ."

तिने कड्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"तसं म्या कसं मानावं?"

स्नेहलला मुलगी झाली. बारशापर्यंत बारा दिवस होते. रोज सकाळी मी कडे आणि लोकर तिच्या उजव्या हाताशी ठेवी, खोलीबाहेर जाई, मी आत येणार नाही हे तिला कळावे म्हणून बाहेरून कडीही लावून घेई. आतून कसलाही आवाज येत नसे; कड्यावर एकही वेढा चढला नाही. बारशाला मी जुन्नरच्या बाजारातून टोपडे आणले. मी ते पिशवीतून बाहेर काढत असताना रत्ना भिंतीकडे पाहत होती. ती आता भिंत धरून उभी राहत नाही. मी केस विंचरायला फणी दिली, तर म्हणते, "तुमीच विंचरा. दोनी बाजू."