एक पट्टा आणि दोघी

मित्रांनो, मला पाहून तुम्ही म्हणाल, हा कसला जुनाट पट्टा! कातडं सुरकुतलेलं, कडा झिजलेल्या, भोकं ताणून लांबट झालेली. एक भोक तर घरीच तापल्या खिळ्याने पाडलेलं. पण माझं बक्कल बघा. ते पितळेचं आहे आणि त्यावर तीन पाकळ्यांचं चिन्ह कोरलेलं आहे. मी स्काऊटचा पट्टा आहे.

कारखान्यात मला कापलं, शिवलं आणि सोलापूरच्या एका गणवेशाच्या दुकानात टांगून ठेवलं. तिथून मला बिभीषण नावाच्या मुलाने घरी नेलं. तो दर शनिवारी चिंचेने माझं बक्कल घासायचा. तंबू उभारताना, शेकोटीभोवती नाचताना मी त्याच्या कमरेला असायचो. तपासणीत माझ्याकडे बोट दाखवून गुरुजी म्हणायचे, "याला म्हणतात गणवेश!" मग बिभीषण मोठा झाला, चिंचोळीच्या कारखान्यात कामाला लागला, आणि मी ट्रंकेच्या तळाशी जुन्या स्वेटरांखाली गेलो. कित्येक वर्षं मला कोणी हात लावला नाही. माझं कातडं कोरडं पडून तडकू लागलं.

एके दिवशी ट्रंक उघडली. बिभीषणची मुलगी सोनाली शाळेत गाइड झाली होती.

"पप्पा, पण ह्यो तर स्काऊटचा हाय की!"

"स्काऊटचा काय न् गाइडचा काय, पट्टा एकच," असं म्हणून बिभीषणने मला तेल लावलं आणि तिच्या बारीक कमरेसाठी ते नवं भोक पाडलं.

कमरेला बांधलेल्या पट्ट्याला, मित्रांनो, माणसाचा श्वास कळतो. माणूस घाबरला की पोट आत जातं, हसला की पट्टा ताणतो. म्हणून आता जे सांगणार आहे, ते मी डोळ्यांनी कमी आणि श्वासांनी जास्त पाहिलं आहे.

सोनालीच्या पथकाच्या प्रमुख होत्या दिपाली मॅडम. आदल्या वर्षी जिल्ह्याच्या मेळाव्यात त्यांच्या मुलींना सगळ्यांसमोर संचलनातून बाजूला काढलं होतं. कुणाला टोपी नव्हती, कुणाला स्कार्फ. मॅडमना ते फार लागलं होतं. म्हणून या वर्षीच्या खरी कमाईला, म्हणजे मुलींनी स्वतः कष्ट करून पथकासाठी पैसे मिळवायच्या उपक्रमाला, त्यांनी बक्षीस जोडलं. पूर्ण गणवेशातला जो संघ सगळ्यात जास्त विक्री करेल, तो मेळाव्यात झेंडा घेऊन सर्वांच्या पुढे चालेल. त्या संघातल्या प्रत्येकीला गणवेशातली एक नवी वस्तूही मिळेल. मात्र अर्धवट गणवेशातल्या मुलीने विक्रीला उभं राहायचं नाही, आणि एकीचा जरी गणवेश अपुरा असला तरी तिचा संघ बाद.

मॅडमच्या मनात वाईट काही नव्हतं. पण सोनालीच्या चाफा संघात दाक्षायणी होती.

दाक्षायणीचं घर मूळचं कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीचं, घरात कानडी बोलणारं. तिची आई अंबुबाई कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून विकायची. संघ जी पाकिटं विकत होता, ती तिच्याच घरची. गणवेशही अंबुबाईने एकेक करून जमवला होता. आधी कपडे झाले, मग बूट, मग स्कार्फ, मग टोपी. पट्टा तेवढा राहिला होता. त्यामुळे शाळेच्या फाटकाशी चाफा संघाचं टेबल मांडलं की दाक्षायणी मागे व्हरांड्यात बसून पाकिटं बांधायची. गिऱ्हाईक विचारायचं, "चटणी लई झकास हाय, कुणी केली?" सोनाली मागे बोट दाखवायची, पण खांबाआड बसलेली मुलगी कुणाला दिसायची नाही.

विक्रीत चाफा संघ सगळ्यांच्या पुढे गेला. आता फक्त तपासणी उरली होती.

"मॅडम माझ्यापासून सुरू करत्यात," सोनाली व्हरांड्यात हळूच म्हणाली. "उंचीपरमानं तू शेवटाला. माझं झालं की पट्टा मागनं पाठवते. तू बांधून टाक."

"आन् सापडलो तर?"

"कोन सापडतंय! धनलक्ष्मीला मात्र सांगायचं न्हाय."

धनलक्ष्मी त्यांची संघनायिका होती. नियम म्हणजे नियम, अशी मुलगी. झेंडा हातात घ्यायचं स्वप्न तिच्याइतकं कुणीच पाहत नव्हतं. आणि रांगेत ती उभी राहायची नेमकी दाक्षायणीच्या शेजारी.

तपासणी सुरू झाली. मॅडमनी सोनालीची टोपी पाहिली, स्कार्फ पाहिला, माझ्याकडे पाहिलं. "बक्कल छान चमकतंय," म्हणाल्या आणि पुढे सरकल्या. सोनालीने हळूच बक्कल सोडलं. ते किणकिणलं. मॅडमची मान किंचित वळली. सोनाली मोठ्याने खोकली. मान पुन्हा सरळ झाली.

मी सुटलो आणि पाठीमागून या हातातून त्या हातात जाऊ लागलो. एक हात घामाने इतका ओला होता की मी निसटून जवळजवळ मातीतच पडलो होतो. मग मी धनलक्ष्मीच्या हातात आलो, आणि तिथेच थांबलो.

तिने खाली पाहिलं. तिला सगळं कळलं. तिची मूठ माझ्यावर घट्ट आवळली गेली. "हे काय?" ती पुटपुटली. मॅडम दोन मुली सोडून पलीकडे होत्या. मग एक मुलगी सोडून. धनलक्ष्मी श्वास घ्यायची विसरली होती. दाक्षायणीचा रिकामा हात पाठीमागे तसाच पसरलेला होता.

अगदी शेवटच्या क्षणी धनलक्ष्मीने मला त्या हातात कोंबलं.

मॅडम धनलक्ष्मीची नखं तपासेपर्यंत मी दाक्षायणीच्या कमरेला बसलो होतो. जमलं होतं, मित्रांनो! आता फक्त गप्प राहायचं होतं.

"अरे वा, दाक्षायणी!" मॅडम मनापासून खूश झाल्या. "घेतलास पट्टा?"

एक 'हो' म्हटलं की झेंडा चाफा संघाचा. तिचं पोट एकदम आत गेलं. मी सैल पडलो. पलीकडे सोनाली डोळे मिटून उभी होती.

"न्हाय मॅडम," दाक्षायणी म्हणाली. आवाज इतका बारीक, की मॅडमना वाकावं लागलं. "ह्यो माझा न्हाय. सोनालीचा हाय."

मॅडमनी वळून सोनालीच्या रिकाम्या कमरेकडे पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला.

"गाइड विश्वसनीय असते, हे रोज म्हणता ना? आणि हे नाटक? तेही माझ्यासमोर?"

"मॅडम, माझ्याही हातातून गेला," धनलक्ष्मी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मी अडवला न्हाय."

तेवढ्यात सोनाली रांग मोडून पुढे आली. "मॅडम, चटणी तिच्या घरची, भाकरी तिच्या घरच्या, पाकिटं तिनं बांधली. आन् इकायला तीच उभी राहायची न्हाय? का, तर पट्टा न्हाय! इकलं न्हाय तर बक्षीस न्हाय, बक्षीस न्हाय तर पट्टा कुटनं यायचा, सांगा की!"

मॅडमनी मला दाक्षायणीकडून काढून घेतलं, पिशवीत टाकलं आणि झेंडा विक्रीत दुसऱ्या आलेल्या गुलाब संघाला देऊन त्या निघून गेल्या. पिशवीतल्या अंधारात मला मागून मुलींचं रडणं ऐकू येत होतं. आता सोनालीला पथकातून काढणार, असंच मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी पिशवी उघडली, ती अंबुबाईच्या घरी. चुलीच्या धगीने खोली तापली होती. कोपऱ्यात दाक्षायणी उखळात शेंगदाणे कुटत होती. मॅडमना पाहून तिच्या हातातलं मुसळ थांबलं.

"बाई, पोरगी नीट जेवली न्हाय कालपासनं," अंबुबाई म्हणाली. "म्हटलं, चल, पट्टा आनू. तर 'ब्याड अव्वा, आता नको,' म्हनती. काढलं का हो तिला?"

मॅडम उंबऱ्याशी बसल्या. कुटलेल्या दाण्यांचा ढीग, तव्यावर कडक होत चाललेली भाकरी, कडेला रचलेली पाकिटं, सगळं त्यांनी पाहिलं. मग मला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "नाही काढलं. पोरींनी फसवलं, त्याची शिक्षा त्यांना होणार. झेंडा त्यांना मिळणार नाही. पण अंबुबाई, जिनं सगळ्यात जास्त राबायचं, तिलाच मी खांबाआड बसवलं. हा नियम मी उलटा केला होता, तो आता सुलटा करते."

सोमवारी शाळेत एक टेबल मांडलं. त्यावर टोप्या, स्कार्फ, शिट्ट्या, पट्टे. मॅडमनी सांगितलं, आता बक्षीस विक्रीला नाही, कामाला मिळेल. दाणे कुटले तेही काम, पाकिटं बांधली तेही काम. आणि गणवेशात जिचं जे कमी आहे, तेच तिचं बक्षीस. पहिलं नाव त्यांनी दाक्षायणीचं घेतलं. तिने नवा पट्टा उचलला, बांधला, आणि मग पूर्ण श्वास घेतला. मला मॅडमनी सोनालीच्या हातात दिलं. "पुन्हा पाठीमागून जाऊ देऊ नकोस," एवढंच म्हणाल्या.

मेळाव्यात चाफा संघ सगळ्यांच्या शेवटी चालला. धनलक्ष्मीला झेंड्याकडे बघवत नव्हतं, तरी तिचे पाय तालात पडत होते. तिच्या मागे दाक्षायणी ताठ चालत होती. त्या रांगेत एकीचंही काही कमी नव्हतं.

पुढे सोनाली मोठी झाली, तेव्हा तिने मला ट्रंकेत टाकलं नाही. तिने मला शाळेच्या कपाटात आणून ठेवलं. माझ्यासारखे आणखी कितीजण आता तिथे आहेत, आखूड झालेले शर्ट, लहान झालेल्या टोप्या. तपासणीच्या आदल्या दिवशी दिपाली मॅडम एकेका मुलीला आत बोलावतात, दार लोटून घेतात आणि हळू आवाजात विचारतात, "बाळ, तुझं काय राहिलंय?"

मित्रांनो, आम्हाला तेल लावा, घासा, जपा. आणि आम्ही तुम्हाला लहान पडू लागलो की कुणाच्या तरी हाती द्या. फक्त ते सगळ्यांदेखत देऊ नका. आणि कुणाला पाठीमागे हात पसरावा लागेल, इतका उशीरही करू नका.